शामरावाची मुकी वरात

शामराव गेल्याचं मला ब्रह्मपुरीच्या स्टँडवर एका जीपवाल्यानं सांगितलं. मी सिंदेवाहीहून धानाचा भाव बघून परतत होतो. टपावरची पोती आवळता आवळता तो म्हणाला, “घाटावरचे जहाजवाले भाऊ सरले न जी. काल दुपारी माती झाली.” मी त्याच्यावर असा खेकसलो की जीपमध्ये बसलेल्या बाया गप्प झाल्या. “मले न सांगता कशी काय माती झाली?” “मले काऊन बोलता, शेटजी? ताप डोक्यात गेला म्हनते. तुमी गावात नोयते, तं कोन किती वाट पायल?” त्याचं बरोबर होतं. पण त्या क्षणी मला सगळ्यात जास्त राग आला तो शामरावाचाच. अर्धं आयुष्य पाण्यावर काढलेला माणूस, त्याला समुद्रानं नाही, वैनगंगेनंही नाही, एका डासानं नेलं… आणि माझ्याशी असलेला तंटा तसाच ठेवून तो गेला. सौदा अर्धवट टाकून उठणाऱ्याला मी बाजारात कधी माफ केलेलं नाही.

त्या तंट्याबद्दल सांगायचंच आहे, कारण माझ्या लेकीचं, शोभाचं, सासरचं सुख त्यात अडकलेलं होतं. पण आधी माणूस सांगतो.

शामराव आणि मी एकाच शाळेत होतो. मी भांडायचो आणि तो सोडवायचा, एवढंच तिथलं आठवतं. पुढं मी डोक्यावर तांदळाची टोपली घेऊन दारोदार फिरलो आणि त्यातून वडशातली गिरणी उभी केली. कोणाच्या बापाचा हात माझ्या पाठीवर नव्हता. तो छप्पन साली दीक्षेला म्हणून वडिलांबरोबर नागपूरला गेला आणि शहर बघून परत यायलाच तयार होईना. आधी तिथल्या एका खानावळीत, मग मुंबईत, मग थेट जहाजावर. हे मालाचं जहाज नव्हतं. परदेशातल्या पैसेवाल्या, बहुतेक म्हाताऱ्या लोकांना बंदरोबंदर फिरवून आणणारं, आत नाचघर आणि पोहायचं टाकं असलेलं जहाज. शामराव त्यावर वाढपी म्हणून लागला आणि पुढं प्रवाशांच्या जिवाची काळजी घेणाऱ्या माणसांत गेला.

ऐंशीच्या आसपास तो कायमचा परत आला. वडशाच्या खालच्या अंगाला घाट आहे, तिथंच त्यानं घर बांधलं आणि मला म्हणाला, “नानाभाऊ, घाटाचा ठेका घेऊ. लिलावात तू बोल, नाव मी सांभाळतो.” लिलावात बोलायला माझ्यासारखा माणूस आसपास नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. माणसं आणि माल नावेनं पलीकडे न्यायचा ठेका आम्हाला मिळाला. लोक संध्याकाळी त्याच्याकडे जहाजाच्या गमती ऐकायला यायचे. त्यांना नाचघराबद्दल ऐकायचं असे आणि शामराव सांगायचा भलतंच. ओल्या फळीवरून घसरलेली बाई. वाऱ्यानं आपटलेल्या लोखंडी दारात सापडलेली बोटं. न्हाणीघराचा उंबरा न दिसून कंबर मोडलेला म्हातारा. “जहाज बुडीन म्हून लोक भेतात,” तो म्हणायचा, “पन तेथी मानूस बुडून नाई मरत. घसरते, धडपडते, वाकून पाह्यते.” सफरीच्या सुरुवातीला सगळ्या प्रवाशांना तरंगायची जाकिटं घालून रांगेत उभं करायचं काम त्याच्याकडे होतं. लोक हातात पेले घेऊन यायचे, जाकीट उलटं घालून फोटो काढायचे, खिदळायचे. त्याला त्याचा राग येत नसे. “सुटीवर आलेला मानूस डोकं घरी ठेवून येते. त्याच्यासाटी आपलं डोकं वापराचं, एवडीच तं नोकरी!”

तीच नोकरी त्यानं वैनगंगेवर चालू ठेवली. नावेच्या बाहेरच्या अंगाला पांढरा पट्टा मारला. पट्टा पाण्याखाली गेला की काहीतरी खाली उतरवायचं, मग ते पोतं असो की पाटील. ट्रकच्या जुन्या ट्यूबा फुगवून दोन्ही बाजूंना बांधल्या. बाजाराच्या दिवशी नाव भरली की सोमा नावाड्याला थांबवून तो बायांना ट्यूब कशी धरायची ते शिकवायचा. “अजी भाऊ, कोन्या समुद्रात जाऊन राह्यलो आमी?” एक म्हातारी दर बाजाराला विचारायची. “मिरच्या न्याच्या आहेत मले पलीकडं.” “मिरच्या पोहतात का, आजी?” “नाई.” “अन् तुमी?” “मी काऊन पोहू? तुमी आहा न!” नावभर हशा. पण ट्यूब ती नीट धरून दाखवायची. मी मात्र काठावर उभा राहून दातओठ खायचो. माझी तांदळाची पोती त्या पट्ट्यापायी वाळूत पडून राहायची, आणि मी म्हणे ठेक्यातला भागीदार! “बोटभर पट्टा बुडला तं काय होते बे?” मी ओरडायचो. “काईच नाई होत,” तो शांतपणे म्हणायचा. “काई होऊच नाई म्हून तं पट्टा आहे.” आणि त्याच्या हातात होता तोवर त्या घाटावर खरंच काही झालं नाही. जे झालंच नाही त्याचं श्रेय माणसाला कोण देणार? पाऊस आला, धान आलं, मोठा पूर आला, सगळं लोकांच्या लक्षात आहे. शामरावाच्या नावेतून कोणी पडलं नाही, हे कोणाच्याच लक्षात नाही.

जहाजावरची एक गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली. कुठल्याशा बंदराजवळ पाणी उथळ होतं, म्हणून मोठं जहाज लांब उभं करून प्रवाशांना लहान नावेतून काठाला नेत होते. धक्क्यावर पाहुण्यांच्या स्वागताला बँड उभा होता. नाव लागायच्या आतच बँड सुरू झाला, आणि बसलेले लोक कॅमेरे घेऊन उठले, सगळे एकाच अंगाला. नाव कलली. एक म्हातारी नाव आणि धक्का यांच्या मधल्या फटीत गेली. शामरावानं तिचा हात धरला होता. “हात ओला होता, नानाभाऊ…” एवढं बोलून तो विडी शोधायला आत गेला. विडी त्याच्या कानावरच होती.

आता लग्न. शोभाला मी नदीपलीकडच्या, चांगल्या धानशेतीच्या घरी दिली. मार्गशीर्ष होता, नदीला अजून भरपूर पाणी, आणि सकाळी धुकं असं की काठावरून नदीतली नाव दिसू नये. आमच्या घाटावर वरात पाण्यावरून येते तेव्हा नवरदेवाची नाव काठाला लागतानाच वाजा झडायला हवा. नाव पाण्यात, वाजा काठावर, आणि नावेतल्या पोट्ट्यांनी तिथंच हात वर करून नाचायचं. हा वरपक्षाचा मान. मी नुसती डफडी नाही, वडशाहून बँड आणला होता. धुक्यात वल्ह्यांचा आवाज आला, मी हात केला, बँड सुरू झाला. आणि नदीतून शामरावाची आरोळी आली, “वाजा बंद! बंद करा थो वाजा!”

बँड थांबला. मी म्हणालो, वाजवा रे, पैसे मी देऊन राह्यलो का थो? क्लॅरिनेटवाल्यानं वाद्य ओठाला लावलं, तेवढ्यात पुन्हा आरोळी आली. या वेळी तिच्यात असं काही होतं की त्यानं वाद्य खाली घेतलं आणि तो माझ्याकडे न बघता नदीकडे बघू लागला. माझ्या पैशाचा बँड, माझ्या लेकीचं लग्न, आणि हुकूम शामरावाचा! नाव आली ती गुपचूप. सोमानं दोर बांधला, मग शामराव म्हणाला, “हं, वाजवा आता.” पण शोभाची सासू, आमच्या विहीणबाई, तोंड फिरवूनच उतरल्या आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “लेकाची वरात आनली का मयत आनली जी आमी?”

तेव्हापासून त्या लग्नाला ‘मुकी वरात’ हेच नाव पडलं. शोभाला मूल उशिरा झालं, मुकी वरात. म्हैस आटली, मुकी वरात. विहीणबाई शामरावाच्या जातीवरही बोलायच्या. ते शब्द मी इथं लिहिणार नाही. पोर माहेरी आली की भरल्या ताटावरून उठून जायची. मी शामरावाला म्हणालो, “चाल माझ्यासंगं. एकदा म्हन, चूक झाली बाई. मिटते सारं.” “चूक नाई झाली तं कशी म्हनू?” “खोटं म्हन न लेका!” “खोटं म्हनलं तं पुढची वरात पान्यात नाचत येईन.” मग मी म्हणालो, गैरसमज झाला म्हण. मग म्हणालो, काहीच म्हणू नको, नुसता नारळ घेऊन चल. मी इतका खाली उतरलो, जितका बाजारात कधी उतरलो नाही. तो जागचा हलला नाही. “धुक्यात तुले असं काय दिसलं, एवढं तरी सांग.” “नावेचा नियम आहे,” बस्स, याच्या पुढं एक शब्द नाही. मी ठेक्यातला भाग सोडला. घाट मात्र सुटला नाही. भांडायला तरी जायचोच.

आमची शेवटची भेट या पावसाळ्यातली. तो ट्यूबला ठिगळ लावत बसला होता. मी सांगितलं, शोभा आली आहे आणि परत जायचं नाही म्हणते. बघ तुझ्या नियमानं काय केलं ते. त्यानं ठिगळावरचा अंगठा काढला नाही. तसाच बसून विचारलं, “त्यायच्या घरी दुपारी कोन कोन राह्यते?” मला वाटलं, विषय बदलतो आहे. मी चिडून निघून आलो, आणि दोन दिवसांनी शोभाची समजूत घालून तिला मीच सासरी पोचवलं.

त्याच्या घरी जलदान विधीला, म्हणजे त्याच्या दिवसकार्याला, मी आधीच जाऊन बसलो होतो. भन्तेजींचं वंदन होत आलं होतं, तेवढ्यात शोभा आली आणि तिच्या मागं विहीणबाई. आता ही बाई इथंही… पण त्या सरळ शामरावाच्या बायकोजवळ जाऊन बसल्या. तिनं पाणी दिलं, ते त्या प्यायल्या, आणि तिचा हात हातात घेऊन तशाच बसून राहिल्या. मी शोभाला अंगणात ओढलं. “हे काय आहे?”

“बाबा, काका आले होते न घरी. पोळ्याच्या आधी.”

“कोन्या घरी?”

“आमच्या. आत्याबाई लय बोलल्या त्यायले. थे ऐकत बसले. मंग म्हनाले, बाई, त्या दिवशी वाजा सुरू झाला तवा नावेत कोन उभं झालं होतं, थे तुमाले मालूम आहे अन् मले मालूम आहे. मी कोनाले सांगतलं नाई, सांगनारही नाई. फकस्त या पोरीले बोलू नोका.”

मग शोभानं सगळं सांगितलं. विहीणबाई स्वतःच उठल्या होत्या. लेकाची वरात, काठावर बँड, हौसेनं उभ्या राहिल्या, त्यांच्यामागं दोनचार पोट्टे उठले आणि नाव एका अंगाला गेली. शामरावानं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. वाजा चालू राहता तर बाकीचेही उठले असते, म्हणून त्यानं तो थांबवला. नावेतल्या सगळ्यांनी हे पाहिलं होतं, पण नवरदेवाच्या आईचं नाव वरपक्षात कोण घेणार? तो येऊन गेल्यापासून त्या घरात मुक्या वरातीचा शब्द निघालेला नाही.

“मले काऊन नाई सांगतलं त्यानं?” माझा आवाज चढला असावा, कारण आतून भन्तेजींनी मान वळवून पाहिलं.

शोभाचे डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं. “मी इचारलं होतं त्यायले, बाबाले सांगू का म्हून. तं म्हनाले, नोको सांगू. तुवा बाप भाव करीन.”

हे वाक्य गेले काही आठवडे माझ्या मानगुटीवर बसलेलं आहे. मी भाव केला असता का? केलाच असता. त्याच दिवशी विहीणबाईंच्या ओसरीवर जाऊन चार माणसांत बोललो असतो, जिंकलो असतो, आणि त्याची भरपाई शोभाला करावी लागली असती. हे त्यानं ओळखलं आणि दोन्ही घरच्या शिव्या खाऊन तो गप्प राहिला. एवढं सोसणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत. पण जुन्या मित्राला इतकं पुरतं ओळखावं आणि तरी एकदाही त्याच्यावर भरवसा टाकू नये… ही माझी तक्रार आहे. ती मी मागं घेत नाही.

त्या दिवशी दोघींना पलीकडे सोडायला मी नावेत बसलो. विहीणबाई माझ्यासमोरच होत्या. नावेत माणसाला दुसरीकडे बघायला जागा नसते. इतक्या वर्षांच्या टोमण्यांचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. धुक्यात कोण उभं होतं, एवढंच विचारायचं होतं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी नजर खाली केली नाही, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी काही बोललो नाही. पलीकडचा काठ आला. न बोलता बसणं मला जमत नाही, म्हणून मी सवयीनं धोतराचा सोगा सावरला आणि सगळ्यांच्या आधी उतरायला उठलो.

विहीणबाईंनी माझं मनगट पकडलं. “बसा जी, इवाई,” त्या म्हणाल्या, “दोर बांधाचा आहे अजून.”

मी बसलो.