भोंग्यातून सांगितलेला सिनेमा

मला एका जागी बसून राहता येत नाही. पंगतीत मी वाढायला उठतो, लग्नात मांडवाबाहेर फेऱ्या मारतो आणि सिनेमाला गेलोच तर कडेची खुर्ची धरतो. एका सिनेमाचा शेवट मी आजवर पाहिलेला नाही आणि तो ज्या कादंबरीवरून काढला, तिचाही शेवट वाचलेला नाही. पण त्याला माझा स्वभाव कारण नाही. माझं शहाणपण कारण आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. इंग्रजी घेऊन एम.ए. झालो होतो आणि जालन्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. आठवड्याला चार तास. उरलेला वेळ मी मस्तगडापासून स्टेशनपर्यंत उगाच पायी हिंडण्यात घालवायचो. मस्तगडच्या एका रद्दीवाल्याकडे मला ती कादंबरी सापडली. परदेशातली, युद्धावरची आणि पानापानाला हसवणारी. एक पलटण एका टेकडीवर पहारा देत असते. ती टेकडी नकाशात छापायचीच राहून गेलेली असते. वरचे साहेब म्हणतात, टेकडीच नाही तर तिथे माणसं मरतील कशी? आणि तिथे माणसं मरतच असतात. मी ती उभ्याने वाचली, चालताना वाचली, गावी जाताना एस.टी.च्या मागच्या सीटवर आदळत वाचली. शेवटची काही पानं नव्हतीच. रद्दीवाल्याने ती पुड्या बांधायला वापरली होती. मी त्याच्याशी भांडलो, तर तो म्हणाला, "साहब, जितकी हाय तितकी वाचा ना, बाकी अंदाजानं समजून घ्या."

अंदाजाने समजून घेणं मला कधी जमलेलं नाही.

त्याच काळात घरी माझ्याकडे एक काम होतं. माझी चुलती, मी तिला काकू म्हणायचो, लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. काका वारले होते. एकुलता एक मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, फौजेत होता. त्याची पत्रं वाटूरच्या पोस्टात येत आणि तिथून पोस्टमन ती सायकलवर आमच्या गावी आणी. काकू पत्र फोडायची नाही. मी शनिवारी येईपर्यंत ते कोनाड्यात देवाजवळ ठेवलेलं असे. मी आलो की माझे हातपाय धुऊन व्हायच्या आत ती समोर येऊन बसायची. पत्राची सुरुवात ठरलेली असे, "माय, तुला दंडवत." ती डोळे मिटून ऐकायची. पाच वर्षं तिच्या मुलाची खबर तिला फक्त माझ्या आवाजात मिळाली.

पण मी सगळं वाचायचो नाही. हा चुलतभाऊ पत्रात मधेच माझ्यासाठी एखादी ओळ घालायचा, "हे मायला वाचून दाखवू नको." मग मी ती ओळ गिळायचो आणि तिथे थंडीबद्दल काहीतरी बोलून जायचो. त्या उन्हाळ्यात त्याने दवाखान्यातून लिहिलं होतं, की डाव्या हाताची दोन बोटं गेली, आता बरा आहे. मी वाचलं, इकडे जेवण चांगलं आहे, वजन वाढलं. काकूचा चेहरा फुलला. मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, याची मला आज जास्त लाज वाटते.

दसऱ्यानंतर पत्र येणं बंद झालं. दोन महिने झाले. काकू पोस्टमनला विचारायची नाही, मलाच विचारायची, "पेपरात काही आलं का रे, लेकरा?" मी न्हाई म्हणायचो. मला झोप लागत नव्हती. राग येत होता आणि तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं. भावाच्या वर कोण साहेब आहेत, त्यांनी त्याला कुठे नेऊन ठेवलंय, काही माहीत नव्हतं. त्या कादंबरीत अशा साहेबांची यथेच्छ टर उडवली होती. मी ती पुन्हा पुन्हा उघडायचो आणि फाटलेल्या पानापाशी येऊन थांबायचो.

अशात कळलं की त्या कादंबरीवर सिनेमाही निघाला आहे आणि त्याची कॅसेट जालन्यातल्या एका व्हिडिओवाल्याकडे पडून आहे. कुणी नेतच नव्हतं. मी नेली. आता शेवट कळणार होता. आमच्या गावात टीव्ही आणि व्हीसीआर एकाच घरी होता. त्या घराचा मालक म्हणाला, "तुह्या एकट्यासाठी मशीन गरम करायची न्हाई. दाखवायचा तर गावाला दाखव." मला नाहीतरी ती टर गावभर उडवायचीच होती. मी लगेच हो म्हणालो.

त्या आठवड्यात लाइटची दिवसाची पाळी होती, म्हणून रविवारी दुपारचा बेत केला. शाळेचा मोठा वर्ग मिळाला. खिडक्यांतून ऊन येत होतं, तर धनगर गल्लीतल्या लोकांनी आपापली घोंगडी आणून दारं-खिडक्यांवर टांगली. वर्गात मेंढरांचा वास दाटला. माणसं इतकी आली की निम्मी बाहेरच राहिली. ती कुरकुरायला लागली, "आम्ही काय भिंत पाहून राह्यलो का?" आतल्यांना तरी काय कळणार होतं, सिनेमा इंग्रजी. मी म्हणालो, मी मराठीत सांगत जातो. तेवढ्यात कुणीतरी ग्रामपंचायतीचा माइक आणला आणि भोंगा शाळेच्या छपरावर बांधला. म्हणजे आतल्यांना दिसेल, बाहेरच्यांना निदान ऐकू तरी येईल.

या भोंग्याची गावात दोनच कामं होती. रेशनचं रॉकेल आलं की तो बोलायचा, आणि कुणी गेलं की बोलायचा. हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण हातात माइक आल्यावर माणसाला आपल्या आवाजाशिवाय काही सुचत नाही.

मी बसलो नाही. माइकची वायर पायात घोळवत टीव्हीशेजारी येरझाऱ्या घालत बोलत होतो. जनरल बोलला की घोगरा आवाज, शिपाई बोलला की आमच्या गावची बोली. नकाशा उलटा धरून साहेब टेकडी शोधतात तिथे लोक पोट धरून हसले. एक म्हातारा म्हणाला, "आपला तलाठी बराबर असाच जमीन मोजतो." मला फारच चेव चढला. मी सिनेमात नसलेले दोन-चार टोमणेही घुसडले.

मग तो प्रसंग आला. एक कप्तान उद्याच्या लढाईची तयारी म्हणून, मेलेल्या शिपायाच्या आईला खबर कशी द्यायची याची तालीम करत असतो. अजून कुणी मेलेलं नाही. पण साहेबाला काम वेळेआधी उरकायची हौस. तो स्वयंपाक्याच्या डोक्याला फडकं बांधून त्याला आई करतो आणि समोर ताठ उभा राहतो. इंग्रजीत तो "मॅडम" म्हणतो, म्हणजे बाईसाहेब. मी विचार केला, आपल्याकडे बाईसाहेब कोण म्हणतं? मी गंभीर आवाज काढला आणि माइक तोंडाजवळ धरून म्हणालो, "माय, तुझा मुलगा काल पहाटे कामी आला. शूर होता. त्याला त्रास झाला न्हाई."

स्वयंपाकी विचारतो, "साहेब, तो जेवला होता का?" कप्तान चिडतो, हा प्रश्न नियमात नाही, पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा होतं. तिन्ही वेळा मी ते वाक्य आधीच्यापेक्षा खोल आवाजात म्हटलं. वर्गात हशा पिकला होता. भोंग्यातून मात्र तो हशा जात नव्हता, माझा आवाज तेवढा जात होता.

काकूचं शेत शाळेमागे, ओढ्यापलीकडे. ती कापूस वेचत होती.

दारावरचं घोंगडं बाजूला झालं आणि सगळं ऊन टीव्हीवर पडलं. चित्र दिसेनासं झालं. मागून कुणीतरी ओरडलं, घोंगडं सोडा. काकू दारात उभी होती. कमरेच्या ओटीत कापूस तसाच, पायाला ओढ्याचा चिखल. धापा टाकत होती. रडत नव्हती. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पत्र कवा आलं?"

ती जवळ आली. "मला न सांगता गावाला कामून सांगून राह्यला? दाखव पत्र."

"काकू, पत्र न्हाई आलं. सिनेमा आहे हा."

माइक चालूच होता. हेही गावभर ऐकू गेलं. मी तो बंद करायला गेलो तर बटण सापडेना. शेवटी कुणीतरी वायर ओढली. काकू टीव्हीकडे वळली. उन्हात पुसट दिसत होतं, फडकं बांधलेला स्वयंपाकी आणि त्याच्यासमोर ताठ उभा कप्तान.

"हे काय करून राह्यलेत?"

मी सांगितलं. पोरगा गेल्यावर आईला कसं सांगायचं, त्याची तालीम करतोय साहेब.

तिने थोडा वेळ पाहिलं. "मंग, आलं का त्याला?" तिने विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती आल्या वाटेने परत गेली. दारापासून फाटकापर्यंत तिच्या ओटीतला कापूस सांडत गेला होता, आणि बाहेर बसलेल्या बायका तो वेचायला लागल्या. मी कॅसेट काढून घेतली. कुणी पुढचं दाखव म्हणालं नाही.

मी तिच्या घरी तीनदा गेलो. तिने तिन्ही वेळा पाणी दिलं, चहा दिला, आणि बोलली नाही. पुढच्या शनिवारी आलो तर कळलं, काकू वाटूरला गेल्ती. जुन्या पत्रांचं गाठोडं घेऊन पोस्टात गेली आणि तिथल्या कारकुनाकडून पाचही वर्षांची सगळी पत्रं वाचून घेतली. बिचाऱ्याने ओळ न ओळ वाचली. "हे मायला वाचून दाखवू नको" हेही वाचलं. त्याला काय माहीत.

संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर आली. मी उभा होतो, उभाच राहिलो.

"दोन बोटं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात मला सांगितलं, वजन वाढलं म्हून. मी गावात साखर वाटली." मग म्हणाली, "तुह्या भोंग्यातलं खोटं निघालं. पत्रातलंही खोटं निघालं. मंग तुह्या तोंडचं मी आता कोणतं खरं धरू?"

मी म्हणालो, त्यानेच तसं लिहिलं होतं. ती म्हणाली, "तो तिकडं होता. तू तर इथं माह्यासमोर बसला होता."

त्या कादंबरीतल्या साहेबांना मी दोन महिने हसत होतो. आईला काय सांगायचं आणि काय नाही, हे तिला न विचारता ठरवणारा एक साहेब आमच्या घरातही होता. फक्त त्याच्या अंगावर वर्दी नव्हती.

भाऊ पुढे सुखरूप परत आला, आठ बोटांनी ट्रॅक्टर चालवायला शिकला. पण ते बरंच नंतर. त्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आधी, त्याचं एक पत्र आलं. मी शनिवारी घरी पोचलो तर काकू ओट्यावर बसलेली. मला वाटलं, तिने ते वाटूरला वाचून घेतलं असणार. पण निळं पत्र न फोडलेलं होतं. तिने ते माझ्या हातात दिलं.

"पोस्टातला माणूस जल्दी जल्दी वाचतो," ती म्हणाली. "बस. बसून वाच. अन् सगळं वाच."

मी तिच्यासमोर खाली बसलो. पत्र फोडलं. माय, तुला दंडवत. तब्येत ठीक आहे. दोन महिने आम्ही वर होतो, तिथून पत्र जात नाही. आता परत वर जायचं आहे. बर्फ फार आहे, मागच्या वेळी आमच्यातले तिघं त्यात गेले. नंतरची ओळ मला दिसली आणि माझी जीभ सवयीने थंडीकडे वळायला लागली. काकूने डोळे मिटले नव्हते. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मी वाचलं, "हे मायला वाचून दाखवू नको."

"हं," ती म्हणाली. "पुढं वाच."

पुढे फक्त त्याचं नाव होतं. मी तेही वाचलं.