न दिसलेल्या पक्ष्यांची खबर

डोंबिवलीत पक्षी पाहणारे पुष्कळ आहेत. पक्षी गेले हे पाहणारा माणूस एकच, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. थंडीच्या तोंडावर परदेशी पक्षी उतरू लागले की ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे सगळे पक्षीवेडे कॅमेरे घेऊन खाडीकडे धावतात. मामा तेव्हा घरी बसून शेंगा सोलतात. “आलेल्याचं कौतुक करायला सगळं गाव असतं,” ते म्हणतात. “निघताना कोणी नको का?” फाल्गुन लागला की मात्र त्यांना घर खायला उठते. मग रोज सकाळी कोपरच्या खाडीकडेला, लव्हाळ्यासमोर, ते हात मागे बांधून उभे असतात.

माणसांच्या बाबतीतही त्यांचा हाच नियम आहे. लग्नात जेवणाच्या पंगतीला ते सापडतीलच असे नाही, पण पाठवणीच्या वेळी गाडीच्या दाराशी पहिले तेच. एकदा आम्ही त्यांच्याकडून निघालो आणि चार रस्त्याच्या चौकापर्यंत गेल्यावर चार्जर राहिल्याचे लक्षात आले. रिक्षा परत वळवली, तर मामा अजून फाटकात उभेच. “पाहुणे घरी पोचल्याचा फोन येतो ना,” मामी सांगतात, “तेव्हा हे जिना चढत असतात.”

खाडीकाठच्या पक्षीमित्रांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. निवृत्तीनंतर मामांची दिवसभराची ऊठबस याच ग्रुपवर. तो चालवतात कोलशेतच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. पक्ष्याचे नाव, जागा आणि फोटो, या तीन गोष्टींशिवाय नोंद टाकायची नाही, असा त्यांचा दंडक. यंदा चैत्रात पांगाऱ्यावर जमलेल्या भोरड्यांच्या फोटोंनी ग्रुप गुलाबी झाला असताना मामांनी नोंद टाकली: “शंकर. कोपर. आज दिसला नाही.” शंकर म्हणजे निळ्या गळ्याचा, चिमणीएवढा पाहुणा. सोबत फोटो होता. त्यात लव्हाळे होते.

“काका, पक्षी कुठाय?” एकाने विचारले.

“दिसला नाही.”

“मग फोटो कसला टाकलात?”

“जागेचा.”

मामांनी तिन्ही नियम पाळले होते, त्यामुळे नोंद काढता येईना. दुसऱ्या दिवशी धोबी पक्षी नसलेला बांध आला, मग थापट्या बदके नसलेले तळे. कल्याणच्या एका जाणकाराला मात्र राहवले नाही. त्याने लव्हाळ्याचा फोटो मोठा करून करून त्यात एक दुर्मीळ वटवट्या शोधला आणि त्याला लाल गोल केला. अभिनंदनांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून दोघे जण हातभर लांबीच्या लेन्स घेऊन आले आणि घोटाभर चिखलात उभे राहून त्यांनी एका वाळक्या पानाचे उत्तम फोटो काढले.

“काका, आता परत रिकामा फोटो आला तर मला नाइलाजाने तुम्हाला काढावं लागेल,” डॉक्टरांनी लिहिले.

“एक चिमणी टाका बघू, कुठलीही,” मामी म्हणाल्या. “आणि गप्प बसा.”

“चिमणी कुठं जाते?” मामा म्हणाले आणि त्यांनी तुतवार नसलेला किनारा टाकला.

त्यांना काढण्यात आले. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते फोन मांडीवर ठेवून बसले होते. “इतकी वर्षं होतो तिथं,” ते म्हणाले. “निघताना कोणी ‘बरं, या’सुद्धा म्हटलं नाही.”

त्याच आठवड्यात ग्रुपवर कोणीतरी विचारले, पुण्याहून मित्र येतायत, शंकर अजून आहे का? कोणालाच सांगता येईना. ज्याला त्याला आपापला फोटो थंडीतच मिळाला होता. नंतर त्या बाजूला कोणी फिरकले नव्हते. शेवटी डॉक्टर स्वतः कोपरला गेल्या आणि तिथून त्यांनी मामांना फोन लावला.

“काका, मी लव्हाळ्यापाशी उभी आहे. काहीच नाही हो. गेला म्हणायचा का?”

“इतक्यात म्हणू नका. उन्हं चढेपर्यंत थांबायचं असतं. आलोच मी.”

दोघे उन्हे चढेपर्यंत थांबले. मामांना तिथल्या तिथे ग्रुपवर परत घेण्यात आले. त्यांनी लिहिले, “शंकर. कोपर. दोघांनी वाट पाहिली. गेला.” आणि लव्हाळे टाकले. कोणी हसले नाही. थोड्या वेळाने कोलशेतहून एकाची नोंद आली, सोबत मोकळ्या बांधाचा फोटो: “इथेही धोबी नाहीत.” मग कल्याणहून, त्या जाणकाराचीच: “तळ्यावर एकही थापट्या नाही, काका.” दुपारपर्यंत ग्रुप रिकाम्या जागांनी भरून गेला.

मामांनी प्रत्येक नोंद मामींना मोठ्याने वाचून दाखवली. “चला,” ते म्हणाले. “निघाले सगळे.”

“आता परत कधी?” मामींनी विचारले.

“येतील की थंडीत,” मामा म्हणाले. चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी पुस्ती जोडली, “जे येतील ते.”