तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र

अण्णा घरी आले की बेल कोपरानं दाबायचे. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, मनगटापर्यंत पिवळे. काकूंना दार उघडायला उशीर झाला, तर समोरच्या माझ्या दाराची बेलही कोपरानंच वाजायची. "बाई, जरा नळ सोडता का?" मग माझं बेसिन दोन दिवस हळदीचं.

सांगलीच्या मार्केट यार्डात तुम्ही कधी हळदीच्या सौद्याला उभे राहिला असाल, तर अण्णांचा आवाज ऐकला असेलच. पोत्यांच्या थप्पीशी उभे राहून ते दर पुकारायचे आणि पत्र्यावरची कबुतरं उडायची. हाच माणूस संध्याकाळी पाट टाकून, एकही मासा नसलेल्या पाण्यासमोर गप्प बसलेला असतो, हे यार्डात कुणाला खरं वाटलं नसतं.

त्याचं झालं असं. यार्डातल्या मंडळींबरोबर अण्णा आणि काकू मालवणला गेले होते. तिथं होडीतून आत नेतात, तोंडात नळी देतात आणि पाण्याखालचं दाखवतात ना, तसं अण्णांनी बघितलं. काकू होडीतच बसून राहिल्या, सगळ्यांच्या चपला मांडीवर घेऊन, डोळे मिटून. महापुरात त्यांचं नदीकडचं बैठं घर माळ्यापर्यंत बुडालं होतं. त्यांना होडीतूनच बाहेर काढलं होतं. त्यानंतर हा तिसरा मजला घेतला, आणि नदीकडची खिडकी काकूंनी कधी उघडली नाही.

अण्णा पाण्यातून वर आले ते बोलेचनात. गाडी कोल्हापूरला आली तेव्हा एवढंच म्हणाले, "तू बघाय पायजे हुतंस."

थोड्याच दिवसांत चार माणसांनी काचेची मोठी टाकी जिन्यानं वर चढवली. काकू कमरेवर हात ठेवून दारात उभ्या. "एकदा नदी घरात आली तेवढी बास झाली. आता तुमी समुद्र इकत आणताय व्हय?"

"तुझ्यासाठीच आणलाय."

"मला न्हाई बघायचा."

अण्णांनी फिल्टरचं पाणी आणून पिंपात समुद्राचं मीठ कालवलं. कारखान्यात केलेले भोकाभोकांचे दगड रचले, पांढरी वाळू पसरली. वर निळा दिवा लावला. पंप सुरू झाला आणि त्या खोलीत दिवसभर लांबून लाटा आल्यासारखा आवाज येऊ लागला. आणि मग काहीच झालं नाही. आठवडे गेले. बिल्डिंगमधली माणसं मासे बघायला यायची आणि दगड बघून परत जायची.

"अण्णा, मासे कुठायत?"

"दमानं. पाणी अजून कच्चं हाय. आत्ताच सोडलं तर मासं मरत्यात."

सौद्यात समोरच्याला क्षणाचीही सवड न देणारा माणूस हे म्हणायचा. काचेच्या नळीत थेंब टाकून रंग बघायचा, मान हलवायचा, पुन्हा पाटावर बसायचा. मधे सगळी वाळू तपकिरी झाली. काकू आतून म्हणाल्या, "आमच्या घरात बसलेला गाळ असाच हुता." स्वयंपाकघरात जायचं तर टाकीसमोरून जावं लागे. काकू भिंतीकडे तोंड करून जायच्या.

गाळ आपोआप ओसरला. मग अण्णा पुण्याहून एस.टी.नं, पिशवी मांडीवर घेऊन, दोन केशरी मासे घेऊन आले. नंतर प्रवाळाचा बोटभर मऊ तुकडा आणला. तो रानातून तोडलेल्या फांदीसारखा मलूल पडून राहिला. एका संध्याकाळी अण्णांनी माझं दार हळूच वाजवलं. "बाई, उघडलं." मी जाऊन बघितलं. त्या तुकड्याला गुलाबी बोटं फुटली होती आणि ती पाण्यात कुणाला तरी बोलावल्यासारखी हलत होती. निळा उजेड अण्णांच्या पिवळ्या नखांवर पडला होता. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आत कुकरची शिट्टी झाली. काकू आल्या नाहीत.

उन्हाळ्यात वळवाचं वारं सुटलं आणि आमच्या रस्त्यावरचा विजेचा खांब आडवा झाला. अण्णा यार्डात होते. मी शाळेतून परतले तर त्यांचं दार सताड उघडं. काकू स्टुलावर उभ्या होत्या. एक हात कोपरापर्यंत टाकीत. तांब्यानं पाणी उचलायच्या, त्यात हवा मिसळावी म्हणून उंचावरून परत टाकीत सोडायच्या. पदर भिजलेला, कपाळावरचं कुंकू ओघळलेलं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते.

"बॅटरीचा पंप दुपारीच बंद पडला," काकू म्हणाल्या. "ह्यांनी फोन उचलला न्हाई. बाई, त्या कोंडलेल्या जिवांकडं मला बघवंना."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लय वाटतीया. तुमी तांब्या घ्या, माझा खांदा भरून आला."

आम्ही आळीपाळीनं पाणी ओतत राहिलो. मधेच एक मासा काकूंच्या बोटाला लागला, तशा त्या केवढ्यानं तरी ओरडल्या, आणि मग हसू लागल्या. इतक्या दिवसांत त्यांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

अण्णा आले तेव्हाही वीज नव्हती. ते दारातच थांबले. काकूंनी मागं न बघता सांगितलं, "आधी हात धुवा. हळद न्हाई चालायची ह्यास्नी." अण्णा धुवून आले, ओले हात पुढे धरून तसेच उभे राहिले.

वीज आली, निळा दिवा लागला, पंप घरघरला. काकू स्टुलावरून उतरल्या आणि अण्णांच्या पाटावर बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "हे असंच हुतं व्हय तिथं?"

"ह्याच्यापरास लय मोठं."

"मग एवढं बास हाय मला."

त्यानंतर रोज संध्याकाळी तिथं दोन पाट असायचे.

मागच्या हिवाळ्यात अण्णा गेले. सकाळी यार्डाला निघताना जिन्यात बसले, ते उठले नाहीत. भेटायला बायका येत होत्या. काकू चटईवर भिंतीला टेकून होत्या. एकदा दुपारी मात्र मधेच उठल्या.

"अगं, बस की," वाईहून आलेल्या त्यांच्या बहिणीनं हात धरला.

"पाणी उतरलंय गं." काकूंनी साध्या पाण्याचा कॅन उचलला.

"आनी मीठ नगं घालाय?"

"मीठ कुठं जात न्हाई. पाणीच तेवढं उडून जातंय."

त्या बारीक धारेनं पाणी ओतू लागल्या. केशरी मासे धारेखाली आले. बायका एकेक करून उठल्या आणि काचेपाशी येऊन जमिनीवर बसल्या. सगळ्यांच्या तोंडावर निळा उजेड हलत होता.