वजन उतरवणारा माणूस

पास्कलभाऊंनी पहिल्या भेटीत माझ्याशी हात मिळवला नाही. शारजातल्या आमच्या कार्गो ऑफिसात मी नवा होतो. खांद्यावर बॅग अडकवून त्यांच्या टेबलापुढे उभा राहिलो, तर त्यांनी बॅगच काढून घेतली, दोन बोटांवर तोलली आणि म्हणाले, "सहा किलो. ऑफिसला आलात की गावाला निघालात?" मग मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि पुटपुटले, "ब्याण्णव." घरी जाऊन काट्यावर उभा राहिलो. ब्याण्णवच भरलो. तेव्हापासून त्यांच्यासमोर मी पोट आत ओढूनच उभा राहायचो.

ते मूळचे वसईचे. विमानात कुठला माल कुठे ठेवायचा, पुढचा आणि मागचा भार कसा जुळवायचा, हे त्यांचं काम. शारजातल्याच अल मजाज भागात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. इमारतीतलं कुणीही गावाला निघालं की आदल्या दिवशी बॅगा घेऊन यांच्या दारात. पट्ट्याला अडकवून बॅग उचलायचा तो छोटा काटा त्यांच्याकडे होता. पण तो लोकांची खात्री पटावी म्हणून. त्यांचा हातच काटा होता. वजन जास्त भरलं की बॅग उघडायची आणि एकेक वस्तू वर धरून विचारायचं, "हे कशाला?" एकदा माझ्या आईसाठी घेतलेलं जाडजूड ब्लँकेट त्यांनी असं बाहेर काढलं की मी रडकुंडीला आलो. तेव्हा हसून म्हणाले, "अहो, वजन वाईट नसतं. त्याची जागा चुकलेली असते." आणि ते ब्लँकेट माझ्या बायकोच्या अर्ध्या रिकाम्या बॅगेत नीट बसवून दिलं.

या माणसाकडे एक गाडी होती. जुनी अमेरिकन, दोन दारांची, लांब नाकाची, मोठ्या इंजिनाची. देश सोडून निघालेल्या एका इंग्रजाकडून त्यांनी ती घेतली तेव्हा मुलगी रेचल तान्ही होती. शुक्रवारी तिघं खोर फक्कानच्या समुद्रावर जायची. परतताना मागच्या लाल रेक्झिनच्या सीटवर रेचल झोपून जायची. ती कॉलेजात गेली, आणि पास्कलभाऊंच्या डोक्यात ड्रॅग रेसिंग शिरलं. सरळ पट्टी, पाव मैल, दिवा हिरवा झाला की सुटायचं. सगळा हिशोब सेकंदांचा. त्यांना बारा सेकंदांच्या आत यायचं होतं. इंजिन आणखी ताकदवान करायला पैसा लागतो; वजन उतरवायला नुसता निगरगट्टपणा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

शारजाच्या औद्योगिक भागात अश्रफभाई नावाच्या मल्याळी मेकॅनिकचं गॅरेज होतं. दर सुट्टीला बाप-लेक तिथे. मीही जायचो, कारण तिथला चहा चांगला असायचा. गाडीचा प्रत्येक भाग हातात घेऊन पास्कलभाऊ विचारत, "हा गाडी पुढे नेतो, की नुसता बसून खातो?" बसून खाणाऱ्याची गय नाही. स्टेपनी गेली, जॅक गेला, बंपर गेले, काचांच्या जागी प्लॅस्टिक आलं, लोखंडी बॉनेटच्या जागी फायबरचं. एसी काढला तेव्हा अश्रफभाईंनी कपाळाला हात लावला. "पास्कलभाई, शारजा में एसी निकालता है? अब क्या बचा, चारों टायर भी निकाल दूँ?" गाडीच्या तळाला आवाज दाबण्यासाठी डांबराचा थर असतो. तो खरवडता खरवडता आमची नखं गेली. शेवटी पास्कलभाऊंनी ड्राय आइस आणून त्यावर पसरला. डांबर गोठलं, आणि रेचलने हातोडीने टकटक केलं की चिक्कीसारखं मोडून यायला लागलं. ती इतकी खूश झाली की दुसऱ्या कुणाला हातोडीच देईना.

पण सगळंच काढायचं असं नव्हतं. बॅटरी त्यांनी पुढून काढून मागे डिकीत नेली, मागच्या चाकाच्या वर, म्हणजे सुटताना चाकाची पकड राहील. आणि गाडी उलटली तर टप चेपू नये म्हणून आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. मी म्हणालो, "भाऊ, ग्रॅमग्रॅम उतरवलंत आणि हे धूड चढवलंत?" ते एकदम गंभीर झाले. "जे जीव वाचवतं, त्याचं वजन मोजायचं नसतं," म्हणाले.

आता खरी गंमत. गाडीतून काढलेलं काहीही हा माणूस फेकत नसे. दुसऱ्यांच्या बॅगा निर्दयपणे रिकाम्या करणारे पास्कलभाऊ स्वतःच्या बाबतीत एक स्क्रूही टाकायला तयार नसत. सगळं घरी. बाल्कनीत बंपर, पलंगाखाली काचा, कपाटावर हीटर. ती मागची लाल सीट तर हॉलमध्ये भिंतीला टेकवून सोफा म्हणून मांडली होती. फिलोमिनावहिनी मला चहा देताना म्हणायच्या, "बघा ना भाऊजी, यांची गाडी हलकी होतेय आणि माझं घर जड. पाहुणे विचारतात, सोफ्याला सीटबेल्ट कशाला? टाका म्हणते हो, टाका एकदाचं. पण ऐकतील तर शपथ!" पास्कलभाऊ पेपराआडून माझ्याकडे बोट दाखवत म्हणत, "सोफा मजबूत आहे. हे जाधव बसतात, तरी काही झालं नाही."

मग साठी जवळ आली, नोकरी संपायची वेळ आली. उन्हाळ्यात नवरा-बायको कायमचे वसईला जाणार हे ठरलं. रेचल मात्र इथे नोकरीला लागली होती, ती राहणार होती. म्हणजे रेसिंगचा हा शेवटचा हंगाम, आणि गाडी बाराच्या किंचित वर येऊन अडलेली. पास्कलभाऊंनी स्वतःलाही काट्यावर घातलं. पाव बंद, भात बंद. नाताळात वहिनींनी केलेल्या सोरपोतेलच्या रश्शाचा नुसता वास घेतला आणि त्याच्याबरोबरचा तळलेला फुगा एकच खाल्ला. वहिनी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "गाडीपायी माणूस वाळत चाललाय."

रेचल एकदा गॅरेजात शांतपणे म्हणाली, "डॅडी, आय वे फिफ्टी-टू किलोज. यू डू द मॅथ." पास्कलभाऊंनी पान्याकडे बघत उत्तर दिलं, "पुढच्या वर्षी." पुढचं वर्ष नव्हतंच, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती सरावात पट्टीवर गाडी चालवून आली होती, लायसन्स होतं, हात सफाईदार होता. पण वहिनी घाबरायच्या, आणि पास्कलभाऊंना ते बरंच होतं. मला त्यांचा थोडा रागही आला. दुसऱ्याचं ब्लँकेट काढायला कशी हिंमत होते मग?

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला आम्ही सगळे उम्म अल कुवैनच्या बाजूच्या पट्टीवर गेलो. गाडी रिकव्हरीच्या ट्रकवर घालून आणली होती. वहिनी आयुष्यात पहिल्यांदाच आल्या होत्या, हातात जपमाळ. पास्कलभाऊ दोनदा सुटले. दोन्ही वेळा बाराच्या केसभर वर. आता एकच फेरी उरली. ते गाडीत बसून काहीबाही शोधायला लागले. आरसा काढला. खिशातल्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. बूट काढायला लागले तेव्हा अश्रफभाईंनाही हसू येईना. सगळं काढून झालं. रिकाम्या पत्र्यात ते आणि स्टिअरिंग एवढंच उरलं. रेचल वाकून मागच्या टायरची हवा बघत होती. पास्कलभाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग ते उतरले, हेल्मेट तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "बस."

"पास्कल, नको," वहिनी म्हणाल्या.

"फिलू, पट्टे मी स्वतः आवळतो."

त्यांनी खरंच एकेक पट्टा स्वतः आवळला, ओढून पाहिला, परत ओढून पाहिला. रेचल म्हणाली, "डॅडी, आय कान्ट ब्रीद." तेव्हा कुठे एक पट्टा बोटभर सैल केला. "यल्ला, नीघ," म्हणाले आणि कुंपणाशी येऊन उभे राहिले.

दिवा हिरवा झाला. गाडीचं नाक उचललं आणि ती गेली. बोर्डावर अकराने सुरू होणारा आकडा लागला. अश्रफभाईंनी मला मिठी मारली, मी नाचलो, जसा नाचतो तसा. पास्कलभाऊंनी बोर्डाकडे पाहिलंच नव्हतं. लांब पट्टीच्या टोकाला गाडी वेग कमी करून वळेपर्यंत ते तिच्याकडेच पाहत होते. मग डोळे पुसत मला म्हणाले, "खलास, जाधव. इतकी वर्षं बसून खाणारा पार्ट कुठला, ते आज सापडलं."  मी त्यांच्या किल्ल्या परत दिल्या.

गाडी रेचलकडेच राहिली. उन्हाळ्यात घर रिकामं झालं. बंपर, काचा, हीटर सगळं पास्कलभाऊंनी मुकाट्याने अश्रफभाईंच्या गॅरेजात पोचवलं. लाल सीटही गेली. निघायच्या दिवशी मी बॅगा खाली न्यायला गेलो. पास्कलभाऊंची बॅग उचलली तर जेमतेम निम्मी भरलेली. वहिनींची मात्र मला हलेना. पास्कलभाऊंनी ती एका हाताने किंचित उचलली. "चार किलो जास्त. काय घातलंस?"

"चादरी," वहिनी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्यांनी सवयीने चेन उघडली. वरच्या साड्यांखाली लाल रेक्झिन दिसलं. सीटचं कव्हर वहिनींनी उसवून काढलं होतं, घडी घालून सगळ्यात तळाशी ठेवलं होतं. वर्षानुवर्षं 'टाका, टाका' म्हणणाऱ्या वहिनी. आता "हे कशाला?" येणार, असं मला वाटलं.

पास्कलभाऊंनी ते कव्हर अलगद बाहेर घेतलं. त्यावरून एकदा हात फिरवला. मग स्वतःची निम्मी रिकामी बॅग उघडली, ते बरोबर मधोमध ठेवलं आणि चेन लावली.

"आता जागेवर आहे," म्हणाले.