रंगनाथची उभी ज्वारी

रंगनाथ गेला हे सांगायला त्याच्या पुतण्याचा फोन आला, तेव्हा मी चहात टोस्ट बुडवत होतो. सकाळी ओसरीवर बसला, पाणी मागितलं आणि तांब्या यायच्या आत आटोपला. जामखेडला शाळेत आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर. पुढे मी इंग्रजीचा मास्तर झालो, तो आपल्या काळ्या रानात ज्वारी करत राहिला. दशक्रियेला एका पुढाऱ्यानं माइक धरून त्याला ‘हवामान योद्धा’ म्हटलं. रंगनाथ असता तर तिथल्या तिथं म्हणाला असता, “योद्धा म्हंजे काय रं? तुझ्या गाडीफुडं नाचनारा?” मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, मास्तर फार खचलेत. खरं तर या योद्ध्याची लढाई कुणी बुडवली, ते त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात नगरच्या एका हॉटेलात बैठक होती. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून नगरच म्हणते.) देशाच्या हवामान आराखड्यात शेतीचा आणि अन्नाचा भाग लिहायचा होता, म्हणून दिल्लीहून सल्लागार मंडळी शेतकऱ्यांचं मत न्यायला आली होती. गारेगार खोली, गळ्यात पट्टे, आणि टेबलावर ज्वारीची बिस्किटं... अशी, की खाणाऱ्याला ज्वारीची जन्माची शिसारी बसावी. एक बाई ‘अन्नव्यवस्था, अन्नव्यवस्था’ म्हणत पडद्यावर बाण दाखवत होत्या, त्यातला एकही गोठ्याकडे जात नव्हता. मसुद्यात लिहिलं होतं की कोरडवाहू भागात आखूड ताटाची, जास्त दाण्याची ज्वारी आणावी, आणि कमी दुधाची जनावरं घटवावीत, कारण ती ढेकर देतात आणि त्यातल्या वायूनं हवा तापते. ढेकर! हॉटेलचा नाश्ता हाणून समोरची निम्मी खोली ढेकर देत होती, त्यांना घटवायचं कलम मात्र कुठं दिसलं नाही. पाहुण्यांना मराठी येत नव्हती, म्हणून दुभाष्या मी. रंगनाथला मीच हौसेनं नेलं होतं.

तो उठला, टोपी नीट केली आणि बोलायला लागला. “सायेब, तुमी नुसता दाना मोजताय. दाना आमी खातो, पन बैल, म्हस, शेरडं समदी कडब्यावर जगत्यात. आखूड ताटाचा कडबा कितीसा निगनार? जनावरांनी काय तुमचे कागद चघळायचे? पाऊस दगा देतो त्या साली दाना भरत न्हाई, पन ताट तरी हाताला लागतं. त्याच्यावर गोठा तगतो, आन् गोठा तगला तर घर गावात ऱ्हातं, न्हाईतर ऊस तोडायला जातं. म्हून एकच मागनं हाय. दान्यासंगं कडबाबी मोजा, मग ठरवा कंची ज्वारी बरी. सुगीला माज्या रानात या. तुमी येईस्तवर मी पीक काढनार न्हाई, शबूद देतो.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दीड वाजून गेला होता, बाहेर बुफेची भांडी वाजत होती, बाईंनी मनगटावर नजर टाकली. मी इंग्रजीत एवढंच म्हणालो, की यांच्या मते चाराही महत्त्वाचा आहे. बस्स. अख्खी नोकरी पोरांना भाषांतर शिकवण्यात गेली, आणि खरोखरीचं भाषांतर करायची पाळी आली तेव्हा मी हे दिवे लावले! बाईंनी खूश होऊन टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या खोलीनं वाजवल्या. आमच्या ग्रामसभेत टाळ्या पडल्या की ठराव मंजूर. रंगनाथनंही तेच धरलं.

जेवताना त्यानं विचारलं, “मास्तर, समदं सांगितलंस न्हवं?”

“सांगितलं की,” मी म्हणालो आणि आणखी पनीर वाढून घेतलं.

पुढे आराखडा आला, मी तो मोबाईलवर वाचला. टोपीतला रंगनाथ त्यात झकास हसतोय, खाली छापलंय ‘शेतकऱ्यांच्या सहभागातून’. आखूड ज्वारी जागच्या जागी, ढेकर जागच्या जागी, कडबा हा शब्द औषधालाही नाही. एवढ्या शिकलेल्या माणसांना गाय काय खाते हे कुणी विचारलं नाही, आणि ज्याला माहीत होतं तो मास्तर पनीर खात होता. मी रंगनाथला काही दाखवलं नाही. त्यानं सगळ्या रानात उंच ताटाची ज्वारी पेरली होती, आणि फोनवर दर वेळी विचारायचा, “सायेब कवा येनार?” मी म्हणायचो, मोठी माणसं, वेळ लागतो... असला मी मित्र.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. शिवारातली ज्वारी निघाली होती, फक्त रंगनाथचं रान उभं. डोक्याच्या वर गेलेली ताटं वाळून खडखडत होती, कणसांवर पाखरं तुटून पडली होती. मी त्याच्या बायकोला, कौसावहिनींना विचारलं, “हे अजून का ठेवलंय?”

“सायेब येनार हायेत न्हवं मोजायला? ह्येंनी शबूद दिलाय. पुतन्या दोनदा आला काढायला, म्या हात लावू दिला न्हाई.” मग हळूच म्हणाल्या, “भाऊजी, कवा येनार ओ ते?”

“कुणी येणार नाही, वहिनी. त्यांचं मागणं, ते बोलावणं... मी साहेबांना सांगितलंच नव्हतं.”

त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. “रोज बांधावर जाऊन बसायचे,” त्या म्हणाल्या, “जीप येती का बघत. गेले त्या दिशी सकाळीबी तिथनंच आले हुते.”

पदर खोचून त्या रानात शिरल्या, मी मागोमाग. आमच्याकडे ही ज्वारी कापत नाहीत, दोन्ही हातांनी मुळासकट उपटतात. घटकाभरात माझे तळवे सोलून निघाले. बांधावर बाभळीखाली रंगनाथच्या बसण्यानं गवत दबून एक जागा झाली होती, तिथून रस्ता थेट वळणापर्यंत दिसतो. दम लागला तरी मी तिथं टेकलो नाही. वहिनी पुढची पात धरून उपटत चालल्या होत्या. मागं न बघताच म्हणाल्या, “कडबा निराळा ठिवा, भाऊजी. तुमीच मोजायचा हाय. मग समदं इंग्रजीत लिवायचं, आन् ह्या वक्ताला एक शबूद गाळायचा न्हाई.”