पणजोबांची पेज

जपानमधल्या इचिकावातल्या आमच्या इमारतीत कचऱ्यावरची जाळी सांभाळणारे एक जपानी आजोबा आहेत. सकाळी ते कावळे हाकलतात आणि मी चुकीच्या वारी ठेवलेली कचऱ्याची पिशवी, स्वतःच माफी मागत, मला परत देतात.

त्यांचे पणजोबा स्कॉटिश, बोटीवरचे इंजिनियर; वारले इथेच, थडगंही इथेच. तिकडच्या चर्चला आजोबा पत्रं पाठवतात आणि आलेलं इंग्रजी उत्तर जाळीजवळ उभ्यानेच माझ्याकडून वाचून घेतात.

यंदा पणजोबांचं गाव सापडलं. तिथे न्याहारीला ओट्सची पेज असते, असंही पत्रात होतं. आजोबांनी ती शिजवून थडग्यावर ठेवली आणि इथल्या रीतीप्रमाणे, कावळे येऊ नयेत म्हणून, लगेच उचलून आणली.

"त्यांना आवडली का, हे कसं कळणार?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे कावळा शिवला की पोचलं म्हणतात," मी म्हटलं.

ते वळून जाळी सारखी करू लागले. मला वाटलं, चुकलंच माझं.

पुढच्या सोमवारी मला म्हणाले, "पुन्हा नेली. दोन तास थांबलो. तीन आले. वाडगा चाटूनपुसून साफ."

मग जाळीवर बसलेल्या कावळ्याला त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि हाकललं.