साइडिंगवरची शिक्षा
दगडी कोळशाचा धूर नाकात गेला की मला चंद्रपूरकडच्या आमच्या खाणीच्या गावातली मे महिन्यातली एक दुपार आठवते. मी नवी सून होते. सासू आणि वस्तीतल्या बायांबरोबर मालगाडीतून सांडलेला कोळसा चोरून आणायला मी रेल्वेच्या साइडिंगवर जायचे. त्या दुपारी पहारेकरी आला. आम्ही कुंपणातून पळालो, पण शेजारची एकटी राहणारी म्हातारी गुडघ्यांमुळे मागे राहिली. त्याने भरलेली गोणी तिच्या डोक्यावर ठेवली आणि तिला रुळांमधल्या तापलेल्या खडीवर अनवाणी उभं केलं. "पाहून घ्या साऱ्या," तो कुंपणापलीकडे थांबलेल्या आमच्याकडे बघत म्हणाला, "उद्या कोनी येनार नाई." म्हातारी म्हणाली, "भाऊ, पाय जळून राह्यले." "जळू दे, मंग ध्यानात राहीन." ती कोसळली तेव्हाच तो तिथून हलला. आम्ही तिला उचलून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी आम्ही साऱ्या पुन्हा निघालो, कारण चूल पेटवायचीच होती. तळपायांना फडकी बांधून म्हातारीही गोणी घेऊन दारात उभी होती. सासू तिला म्हणाली, "तू नको येऊ, बाई. तुले पळता येत नाई, तुझ्यापायी साऱ्या सापडू." "मंग मी रांधू कायवर?" म्हातारीने विचारलं. आम्ही तिला तिथेच सोडून निघालो. पुढे ती बसस्टँडवर हात पसरून बसलेली दिसायची. शिक्षा कडक केली की चोरी थांबते, असं आता कोणी म्हटलं की मी वाद घालत नाही. एकीची थांबली होती.